आवाज हीच खूण

१० नोव्हेंबर, नांदेड

पोचले बाई एकदाची! देवणीहून उदगीर, उदगीरहून नांदेड. अर्धा रस्ता उभ्यानं आले तरी थकवा कसला तो न्हाई. मुखेडला बसायला जागा मिळाली तेव्हा आईनं दिलेले धपाटे सोडले आणि शेजारच्या बाईलाही खाऊ घातले. तिनं विचारलं कुठं चाललीस, तर म्हणाले, परदेशात. तोंड उघडंच राहिलं तिचं.

ट्रेनिंग सेंटर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आहे. दुमजली घर, पुढं लोखंडी गेट, वर आम्हा मुलींच्या खोल्या. सगळं बघणाऱ्या बाई म्हणजे रत्नम्मा, निलंग्याकडच्या. सगळ्याजणी त्यांना अक्का म्हणतात. आल्या आल्या त्यांनी चहा दिला आणि माझा आवाज लई गोड आहे म्हणाल्या. आजवर माझ्या आवाजाला कुणी गोड म्हटलं नव्हतं. खणखणीत म्हणतात. लातूरच्या हॉस्पिटलात मी जिन्यावरून बोलले की वॉर्डातले पेशंट सावरून बसायचे, धम्मप्रिया सिस्टर आल्या म्हणून.

त्या हॉस्पिटलात सहा वर्षं काढली. बारा-बारा तासांची ड्युटी, सोळा हजार पगार, आणि वर डॉक्टरच्या बायकोचं बोलणं. म्हणून ही गल्फची ऑफर आली तेव्हा मी काही हुरळून मान डोलावली न्हाई. बाकीच्या पोरी नुसता मोठा आकडा बघून खुश झाल्या. मी कंपनीच्या विरूपाक्ष सरांना समोर बसवून एकेक विचारलं. खोली कुणाची, जेवण कुणाचं, जादा ड्युटीचे वेगळे देणार का, तिकीट वर्षाला का दोन वर्षाला, मधेच सोडलं तर काय. सगळं वजा जाता हातात काय पडतं ते काढलं आणि अजून वाढवून घेतलं. सर हसून म्हणाले, तुम्ही आमच्याच ऑफिसात पाहिजे होतात. शेवटी ते आपणहून म्हणाले, घरच्यांशी बोलणं करून देणं ही कंपनीची जबाबदारी, तुम्हाला एक रुपयाही खर्च न्हाई. तेही मी फायद्याच्या बाजूला धरलं.

मी कुणाकडून फसणाऱ्यातली न्हाई.

१२ नोव्हेंबर

खोलीत माझ्यासोबत अलीझा आहे, औशाची. वय बावीस. तिची अम्मी, बेगमबी, शिवणकाम करते. पोरगी लाजाळू आहे, मला दीदी म्हणते. घसा बसलाय तिचा, पण बोलते तेवढं मनापासून बोलते.

सकाळी इंग्रजी शिकवतात. दुपारी मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतींना गाद्या ठोकलेल्या आहेत आणि मधे काळा स्पंज लावलेला माईक. तिकडं नेटवर्कचा भरवसा नसतो, ड्युट्या उलट्यासुलट्या असतात, म्हणून मुलींचे निरोप आधीच भरून ठेवतात आणि वेळेवर घरी पाठवतात, असं अक्कांनी सांगितलं. आमच्यासारख्यांच्या आयांना वाचता येत न्हाई, त्यांचं सगळं व्हॉइस मेसेजवर चालतं. माझी आई तर माझा मेसेज दारात बसून मोठ्यानं लावते, म्हणजे अख्ख्या गल्लीला कळावं सरजाबाईच्या पोरीचा निरोप आला.

मला मजा वाटली. जय भीम आई, मी नीट पोचले. जय भीम आई, आज सुट्टी होती, मटण केलं. चौदा एप्रिलच्या शुभेच्छा पण देऊन टाकल्या, नोव्हेंबरात! अलीझानं ईद मुबारक म्हटलं. दोघी हसून हसून बेजार.

निघताना मी आईकडून एक गोष्ट पाठ करून घेतली होती. लातुरात आमच्या घरमालकिणीला कुणीतरी तिच्या पोराच्या नावानं रडत फोन केला आणि तिनं बँक रिकामी करून दिली. म्हणून आईला बजावलं, नवीन नंबरवरून कुणी रडलं, घोगऱ्या आवाजात माझं नाव सांगितलं, तर सरळ फोन ठेवायचा. माझा आवाज हीच खूण. बाकी कशावर विश्वास ठेवायचा न्हाई. आई मान हलवत होती, शाळेतल्या पोरीसारखी.

१६ नोव्हेंबर

माझाही घसा बसला. रोज रेकॉर्डिंग आहे. अक्का वाक्य सांगतात, आम्ही म्हणायचं. आता मजेची वाक्यं संपली. यंदा रजा मिळाली न्हाई. पुढच्या वर्षी नक्की येते. आई, काळजी करू नकोस, तब्येत बरी आहे. आज तर म्हणाल्या, घरात कुणी वारलंय असं समजा आणि रडा. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, तीन वर्षांच्या करारात काय काय होईल कुणी सांगावं, तयारी असलेली बरी. मी रडले न्हाई, चिडले. अक्का म्हणाल्या, चिडलेला आवाजही चालतो, आणि मशीन बंद केलंच न्हाई.

खोलीतून बाहेर आलं की तोंडात लोखंडाची चव येते. अक्का ज्येष्ठमधाची काडी देतात.

संध्याकाळी आईचा फोन. आज किती छान बोललीस गं, म्हणाली, एरवी माझ्यावर खेकसतेस. मी तर आज काहीच पाठवलं नव्हतं. ट्रायल घेत असतील, असं मनाशी म्हटलं.

२० नोव्हेंबर

नवीन सिम टाकायचं म्हणून सगळ्यांचे फोन घेतले. अजून दिले न्हाईत.

अलीझा आता बोलतच न्हाई. शब्द तोंडात येतो, ओठ हलतात, बाहेर नुसती हवा. मी नर्स आहे, तिला उजेडात बसवून टॉर्चनं घसा बघितला. लाली न्हाई, सूज न्हाई, टॉन्सिल साफ. धडधाकट माणसाचा घसा. मग आरशात माझा बघितला. तसाच. आणि माझा आवाज आता एवढा उतरलाय की दारातून हाक मारली तर जिन्यापर्यंत जात न्हाई.

इथल्या जुन्या मुलींकडं आज पहिल्यांदा नीट बघितलं. त्या जेवताना बोलत न्हाईत, भांडत न्हाईत, भाकरी हवी असली तर हात पुढं करतात. मला आपलं वाटत होतं, काय शिस्तीच्या पोरी आहेत.

२३ नोव्हेंबर

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी बेगमबी आल्या. औशाहून, डबा घेऊन, पोरीला भेटायला. खाली गेटवर त्यांचा आवाज ऐकला आणि अलीझा खाटेवर उठून बसली. मी दाराकडं धावले. दाराला बाहेरून कडी.

अक्का त्यांना म्हणाल्या, अलीझा कालच गेली की विमानानं, अचानक तिकीट आलं, हे घ्या बोला तिच्याशी. आणि मग खालून अलीझाचा आवाज आला. अम्मी, असं म्हणून हसली. फोनमधली अलीझा. अम्मी, रडू नकोस ना, इथं सगळं लई चांगलं आहे, डबा अक्कांना दे, त्या खातील. बेगमबीनं विचारलं थंडी आहे का, तर तिनं त्याचं उत्तर दिलं. विचारलेल्याचं उत्तर दिलं! ते कुणी आधी भरून ठेवलेलं नव्हतं.

आणि खरी अलीझा माझ्या शेजारी बसलेली. ओठ मिटलेले. स्वतःचंच हसणं ऐकत होती. मग तिनं मूठ भिंतीवर आपटली. मीही आपटली. खाली अक्का म्हणाल्या, वर फरशीचं काम चालू आहे.

बेगमबी दुवा देत गेल्या. डबा संध्याकाळी आम्हालाच वाढला. अलीझानं घास घेतला न्हाई.

२४ नोव्हेंबर

अलीझाला पहाटे नेलं. विमानाला का कुठं, कुणी सांगत न्हाई.

मी विरूपाक्ष सरांपुढं उभी राहिले. उरलेल्या आवाजात सगळं बोलले, पोलीस, पासपोर्ट, सगळं. त्यांना जराही राग आला न्हाई. तो पॅकेज समजावताना होता तसाच शांत चेहरा. म्हणाले, तिकडच्या लोकांना तुमचे हात पाहिजेत, सिस्टर. तक्रार करणारं तोंड कुणालाच नको. आणि तुमच्या घरच्यांना तुमचा आवाज पाहिजे. आम्ही ज्याला जे पाहिजे ते देतो. दर महिन्याला पैसे जातील, दर आठवड्याला आवाज जाईल. तुम्ही स्वतः असता तर एवढं नियमित बोलला असता का?

पगाराची उचल आईला कधीच पोचलीय. तिनं घरावर स्लॅब टाकायला घेतला. गेटला कुलूप आहे.

सगळं विचारलं होतं मी. जेवण, खोली, तिकीट. शहाणी! हातात काय पडतं तेवढं काढत बसले आणि अंगातून काय जाणार ते विचारलंच न्हाई. कुणाला सुचेल ते विचारायला?

आज मला धरून त्या खोलीत बसवलं. तोंड मिटून ठेवलं होतं. तरी आवाज गेला. माईकपुढं नुसता श्वास घेतला तरी जातो.

२६ नोव्हेंबर

भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकला. खणखणीत, लातूरच्या जिन्यावरचा. आईशी बोलत होता. आई, स्लॅब नीट टाकून घे गं, पैशाची काळजी करू नको. आई, तुझे गुडघे कसे आहेत?

मी कधी गुडघे विचारले न्हाईत. सहा वर्षं लातुरात होते, फोन केला की घाईत, चिडचिड, ठेवते म्हणायचे. हा आवाज माझ्यापेक्षा चांगला बोलतो. आई लाजत हसली असेल. तिला असं कुणी विचारलंच न्हाई कधी—

जळफळाट झाला माझा. माझाच आवाज, आणि मला त्याचा हेवा वाटला. मग लई रडले. रडण्यालाही आवाज न्हाई.

२७ नोव्हेंबर

मेडिकलला नेलं. लॅब गर्दीची. अक्का खिडकीपाशी. मी बाकावर. शेजारी एक म्हातारे बाबा, माहूरकडचे, नाव ग्यानोबा सांगत होते कुणाला तरी. मी त्यांच्या फोनकडं बोट केलं, हात जोडले. दिला लगेच. देवमाणूस.

आईचा नंबर लावला. तिनं उचलला.

सगळा जीव गोळा केला. आई, म्हटलं. घोगरं, फाटकं काहीतरी निघालं. आई, मी, धम्मा. मला ने.

पलीकडं सिमेंट कालवायच्या मशीनचा आवाज. मग आई बोलली, एकेक शब्द तोलून, मी शिकवला होता तसा.

"हे बघ बाई, तू कोण हायस मला म्हाईत न्हाई. माझ्या लेकीचा आवाज मला कळतो. आत्ता सकाळीच बोलली ती, माझे गुडघे इचारले. तिनंच सांगून ठिवलंय, असा फोन आला तर ठिवून द्यायचा. असली कामं करू नको, माय. तुझी बी आई आसंल की."

ठेवला.

परत लावला. ब्लॉक. तेही मीच शिकवलं होतं, लाल बटण कुठलं ते.

बाबांनी हळूच विचारलं, राँग नंबर लागला का बाई? तोवर अक्कांचा हात दंडावर. पोरीच्या डोक्यावर जरा परिणाम झालाय, म्हणाल्या त्यांना. मी मान हलवत राहिले, त्यांचं धोतर धरलं. अक्कांनी फोन काढला, आणि माझा आवाज बोलला, बाबा, माफ करा, मी बरी आहे. बाबांनी माझ्या ओठांकडं बघितलंच न्हाई. फोनकडं बघून म्हणाले, सुखी राहा.

२८ नोव्हेंबर

गाडी आलीय खाली. त्याआधी एक रेकॉर्डिंग राहिलंय म्हणतात. शेवटचं. माझं नाव.

ते तेवढं माझ्यात उरलंय अजून. सकाळपासून उशीत तोंड खुपसून म्हणून बघते, कळेल न कळेल असं, पण निघतं. न्हाई देणार. दात आवळून बसेन, श्वास घेणार न्हाई—

आई, तुझा स्लॅब झाला का. गुडघे कसे—

जिन्यावर कुणीतरी येतंय. चपलांचा आवाज न्हाई. बोलत येतंय. माझ्याच आवाजात, हसत, मी न दिलेल्या नावानं मला हाक मारत— धम्मा, ऊठ गं, ए धम्—