खुंटी क्रमांक एकेचाळीस

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार

उत्तर येत होते. उभी राहिले—आणि तोंडच उघडले नाही!

जमिनीत पुरलेले लोखंड का गंजते, एवढाच प्रश्न. पण इंग्रजीत. माझ्या मनात तीन परिच्छेदांचे उत्तर तयार होते, मराठीत, आकृतीसह. त्याचे पहिले इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत श्री. कुंदोजवार पुढच्या बाकाकडे वळले. मागच्या बाकावरून मुखरूचा आवाज—"मॅट्रिकले पहिली आली होती म्हनते बाप्पा! इथी तं मुकीच होऊन राह्यली." दहाही जण हसले. अकरावी मी.

वर्ग सुटल्यावर श्री. कुंदोजवार फळा पुसता पुसता म्हणाले, "बोरकुटे, उद्यापासून मराठीत सांगा. गंज काही इंग्रजी शिकून येत नाही." मी मान हलवली. आभार मानायचेही सुचले नाही.

चार आठवड्यांचा वर्ग. एक दिवस गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वैनगंगेपासून या नव्या वसाहतीपर्यंत नऊ मैल लोखंडी नळी जंगलातून पुरलेली आहे. दर फर्लांगाला नळीला जोडून जमिनीवर काढलेली एक खुंटी—बहात्तर खुंट्या. नळीजवळ ठिकठिकाणी जस्ताचे गठ्ठे पुरून तारेने नळीला जोडलेले. जस्त झिजते आणि नळी वाचते. जस्त संपले की नळीची पाळी. संपले की नाही, हे वरून दिसत नाही; म्हणून नळी आणि माती यांच्यातला विजेचा दाब मोजायचा. यंत्राची सुई ०.८५ व्होल्टच्या पुढे गेली तर नळी सुरक्षित. मागे राहिली तर खाली गंज चढत आहे, असे समजायचे. सगळी विद्या या एका आकड्याभोवती फिरते.

मी तिला मराठी नाव करून ठेवले आहे—ऋणाग्र-संरक्षण. अजून कोणापुढे उच्चारलेले नाही.

मोजणाऱ्याला निरीक्षक म्हणतात. त्याला प्रमाणपत्र लागते. जो पहिला येईल त्याला चांद्याच्या कार्यालयात जागा. एकच जागा!

मला ती हवी आहे. इतके स्पष्ट मी कोणालाही सांगितलेले नाही. बाबांना वाटते मी शाळेत शिकवावे. साठ मुलांपुढे रोज उभे राहून बोलायचे! यंत्रापुढे बोलावे लागत नाही.

ज्यांच्याकडे मी राहते त्या इंदुताई येथल्या दवाखान्यात परिचारिका आहेत. आज म्हणाल्या, "जेवतानाबी पुस्तक? त्याले भाजी लागली तं मार्क कमी होते, माहीत हाय नं?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज प्रथमच खुंट्यांवर गेलो. पाणी वाहण्यास सुकरी नावाची बाई दिली आहे, पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची. तिचा नवरा दसरू नळीचा राखणदार.

मातीच्या सच्छिद्र कुपीत मोरचुदाचे निळे पाणी, त्यात तांब्याची दांडी. कुपीचे बूड ओल्या मातीवर टेकवायचे, एक तार खुंटीला जोडायची, सुई स्थिर होऊ द्यायची. माती कोरडी असेल तर सुई भलतेच सांगते. म्हणून आधी सुकरीच्या मडक्यातले तांब्याभर पाणी.

चौथ्या खुंटीशी सुकरी म्हणाली, "जमिनीले ताप आला का व बाई? नाडी पाहून राह्यली तू मघापासून!"

मी हसले. मोठ्याने! मग कोणी ऐकले का, म्हणून मागे पाहिले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

श्री. कुंदोजवारांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मोरचुदाचा निळा डाग असतो. धुऊनही जात नाही. तो मला आवडतो—हे कुठे लिहावे? येथेच.

काल त्यांनी एक फुटकी कुपी झुडपात टाकली. मी ती उचलली. पेटीत, साडीच्या घडीत ठेवली आहे. नागपूरला त्यांचे कुटुंब आहे, दोन मुली आहेत, मला माहीत आहे. मी काही मागत नाही.

आज वर्गात त्यांच्यासमोर संपूर्ण उत्तर दिले. मराठीत. 'ऋणाग्र-संरक्षण' म्हणाले. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला!

२१ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या पावसाळ्यानंतरचा तक्ता पाठ केला. बहात्तर आकडे. इंदुताईंनी मधूनच कोणतीही खुंटी विचारली तरी चुकत नाही. असे पाठ करायला कोणी सांगितलेले नव्हते. पण रिकामे बसवत नाही. अंगणात येरझारा घालते, परत आत येते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रात्यक्षिक परीक्षा झाली. जसे घडले तसे लिहिते, नाहीतर मला चैन पडणार नाही.

वाट्याला ३६ ते ४५ या खुंट्या. वेळ दोन तास. तक्ता शाईने भरायचा, खाडाखोड झालेली नोंद बाद. सुकरी सोबत होती. चाळीसपर्यंत सर्व व्यवस्थित.

एकेचाळीसला सुई ०.५८ वर थांबली.

पुन्हा पाणी ओतले—०.५८. तारेचे टोक घासले—०.५८. दुसरी कुपी लावली—०.५८! जुन्या तक्त्यात ४१ समोर ०.८९ आहे. मला पाठ आहे. म्हणजे चूक माझ्या हाताची.

सुकरी पदर तोंडाला लावून हसत होती. "कितीबी पानी टाक बाई. हे चाटन हाय. चितळं येते इथी, माती चाटून जाते. खारट हाय नं. पाह्य जिभेवर ठेवून." जागा खरोखर खोलगट झालेली, खुरांनी तुडवलेली. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट! जरा तुरटही. थुंकले, तेवढ्यात रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला. श्री. कुंदोजवार तक्ते गोळा करायला निघाले होते. माझ्या अजून चार खुंट्या उरलेल्या.

मी ०.८८ लिहिले.

०.८९ लिहिले असते तर नक्कल वाटली असती. एवढा विचार त्या क्षणी कसा सुचला?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पुस्तक उघडले, उगाच. पान एकशे बारा. खारट मातीतून वीज सहज वाहते, जस्त लवकर झिजून जाते, आणि मग नळीचे तेथलेच लोखंड आधी खाल्ले जाते. हे मी पूर्वी दोनदा वाचले होते. खाली रेघही मारली होती!

म्हणजे सुई खरे सांगत होती. हात बरोबर होता. ०.५८ हाच आकडा. तेथले जस्त पावसाळ्यानंतर संपलेले असणार.

दुपारी परीक्षेच्या तंबूपाशी गेले. श्री. कुंदोजवार तक्त्यांवर सह्या करीत होते. माझाच तक्ता हातात. "या बोरकुटे. काय सुंदर अक्षर आहे तुमचे! काही काम होते?"

"काही नाही," म्हणाले. परत आले. वाटेत तीनदा थांबले.

२ मार्च, सोमवार

पहिली आले.

३ मार्च, मंगळवार

मुखरूच्या तक्त्यात दोन खाडाखोडी निघाल्या, त्याला दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र. या नळीच्या देखरेखीवर येथेच नेमला आहे. निरोप घेताना म्हणाला, "अव पहिल्या नंबरवाली, तुह्या आकड्याचे तं केसबी विस्कटत नाई!" चांगल्या मनाने म्हणाला. मी चहा तसाच ठेवून निघाले.

९ एप्रिल, गुरुवार

चांदा. कार्यालयात माझे टेबल खिडकीपाशी आहे. कोणी बोलत नाही, मीही बोलत नाही—जसे हवे होते तसेच.

आज वार्षिक तक्त्याची स्वच्छ प्रत करायला दिली. चाळीस. एकेचाळीस. माझेच ०.८८, माझ्याच हाताने, दुसऱ्यांदा! लिहून झाल्यावर दोनदा पाणी पिऊन आले. मग श्री. कुंदोजवारांना नागपूरच्या पत्त्यावर पत्र लिहिले. चार ओळी. फाडले.

२३ एप्रिल, गुरुवार

आज मोठ्या साहेबांना सांगणारच होते. ते दौऱ्यावर गेलेले. सुटल्यासारखे वाटले! हेही लिहून ठेवते.

१२ मे, मंगळवार

मुखरू कागदपत्रे घेऊन आला. खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाला, "नळी फुटली व. एकेचाळीसले. तीन दिस वसाहतीत पानी नव्हतं. दवाखान्यात इंदुताई हंडे मोजून देत होती."

मी टाक खाली ठेवला.

फुटका तुकडा कापून नवा बसवला. जुना भंगारात गेला, कोठे ते कोणालाच ठाऊक नाही. आणि दसरूला पोलीस चौकीत बसवले आहे! नळी त्याने सब्बल, म्हणजे पहार, मारून फोडली म्हणे, ढोरांना पाणी पाजायला.

मी विचारले, "गंज नसेल कशावरून?"

मुखरू म्हणाला, "गंज कुठून येईन? तुहाच आकडा हाय नं—०.८८! साहेबानं तोच कागद पोलिसाले दाखवला. गंज नाई, तं मानसाचाच हात."

१४ मे, गुरुवार

रजा काढून वसाहतीत आले. तसाच जंगलाचा रस्ता धरला. तेंदूपानाचा हंगाम, सगळा टोला पाने तोडायला गेलेला. सुकरी एकटी दाराशी बसलेली. मडके उपडे.

मला वाटले, ती शिव्या देईल. तिने बसायला पाट दिला.

"त्याले मारलं का नाई, ठाऊक नाई," म्हणाली. "भाकर नेली तं आत नाई जाऊ देलं." मग—"आमची कुऱ्हाड राह्यली होती त्या चाटनात, एका पावसाळ्यात. पापुद्रे निघाले तिचे! सब्बल कायले पायजे तिथी? म्या सांगून पाह्यलं. माहं कोन आयकते? तू तं चाखली होती नं माती. तू शिकेल हायस. तू सांग नं त्याइले."

मी "हो" म्हणाले. इतके स्पष्ट 'हो' मी आयुष्यात कधी म्हटले नसेल.

१६ मे, शनिवार

नळीच्या चौकशीसाठी वसाहतीत आलेल्या अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले. सर्व सांगितले—सुई, चाटण, ०.८८. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या बाईची दया आली का तुम्हाला?"

"नाही. म्हणजे—हो. पण आकडा खोटा आहे."

"तुमच्या सहीचा तक्ता माझ्यासमोर आहे. तीन महिन्यांनी तुम्ही म्हणता, तो चुकला. आठवणीने कागद खोटा ठरत नाही, बाई."

"पुन्हा मोजून पाहू या."

"काय मोजणार? तुकडा नवा, जस्त नवे, तीन दिवस तेथे पाणी वाहिलेले. त्या दिवशी तुम्ही स्वतः लिहिलेले काही आहे? असेल तर सोमवारी आणा. तांत्रिक सल्ल्यासाठी श्री. कुंदोजवार नागपूरहून येत आहेत. त्यांच्यासमोर पाहू. सुटे पान मात्र नको. सुटे पान आजही लिहिता येते."

"नाही," मी म्हणाले. "काही लिहिलेले नाही."

बाहेर येऊन पायरीवर बसले. पुन्हा खोटे! या वेळी तर तोंडाने!

१७ मे, रविवार

सकाळपासून ही वही पहिल्यापासून वाचते आहे. २६ फेब्रुवारीला ०.५८ चार वेळा लिहिलेले आहे. मागे तारखा, पुढे तारखा. मध्ये घुसवलेले नाही, हे कोणालाही दिसेल. पण मागची पाने! १७ फेब्रुवारी! ती दोन बोटे, ती कुपी, ती साडीची घडी. श्री. कुंदोजवार माझ्यासमोर बसून ते वाचतील, शेजारी अधिकारी असतील, कारकूनही असेल. आणि उद्या सगळ्या चांद्यात होईल.

ते पान चिकटवावे? त्या ओळींवर शाई सांडली म्हणावे? दौत उघडली. टाक बुडवला. तेवढ्यात इंदुताई दारातून—"काय लिहून राह्यली व सकाळपासून? जेवली का नाई?"

"खाडाखोड करते आहे," म्हणाले.

"तुह्या वहीत? तुह्या वहीत तं म्या कधी पाह्यली नाई!" आणि हसत गेल्या.

टाक पुसून ठेवला. खाडाखोड झालेली नोंद बाद—हा नियमच आहे. एक ओळ काळी केली तर चारही ०.५८ संशयित होतील.

संध्याकाळी सुकरी भाकर बांधून चौकीकडे जाताना दिसली. मी दाराआड झाले.

१८ मे १९५९, सोमवार

चौकशी अधिकारी यांस, तसेच श्री. कुंदोजवार यांस—

२६ व २७ फेब्रुवारीची नोंद पाहावी. शनिवारी मी 'लिहिलेले नाही' म्हणाले, ते खोटे होते. वही अखंड देत आहे. एकही पान काढलेले नाही, एकही ओळ खोडलेली नाही. बाकीची पानेही वाचली जातील, हे मला ठाऊक आहे. दसरूला आजच घरी सोडावे. प्रमाणपत्र शेवटच्या पानात ठेवले आहे. कुपी सोबत दिलेली नाही. ती माझ्याकडेच राहील.

रुखमा देवाजी बोरकुटे