आतली साल

प्रिय तोमोए,

ओसाकाला थंडी पडली का? इथे डोंगरात हिनोकीच्या साली काढायचे दिवस पुन्हा आले. झाडाची वाढ थांबल्याशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर बाहेरच्या सालीबरोबर आतलीही निघून येते, हे तुला मी काय सांगणार! चढताना माझे गुडघे कुरकुरतात, पण या सालींनी शाकारायची देवळांची छपरं काही माझ्या गुडघ्यांसाठी थांबत नाहीत. मुळा यंदा चांगला आलाय. तुझी आई असती तर तिने बरण्या भरून लोणचं घातलं असतं.

सहा वर्षांची असताना तू दगडांवर पडून ढोपर सोलून घेतलं होतंस. मी म्हणालो, "आतलं कातडं शाबूत आहे, रडतेस काय? वरचं येईल परत." तू नाक पुसत विचारलंस, "झाडासारखं?" त्याच दिवशी मी तुझ्या आईला सांगितलं, ही पोरगी माझं काम चालवणार.

काल देवळामागच्या रानात गेलो होतो. दहा वर्षांपूर्वी आपण दोघांनी सोललेल्या त्या मोठ्या झाडाला नवी साल सुरेख आलीय, पहिलीपेक्षा मऊ. फक्त वर, तीन पुरुष उंचीवर, वीतभर जागा तशीच उघडी आहे. तेव्हा तिथे आतली साल कापली जाऊन पांढरं लाकूड दिसत होतं. पुजारीबुवा खालून बघून म्हणाले, "नवा हात दिसतो," आणि तुझ्याकडे वळले. मीही तुझ्याकडेच पाहिलं. देवळाच्या रानातलं काम हातचं जाईल या भीतीने बोलून गेलो, "हिला पुन्हा चढवणार नाही." तू दोर गुंडाळलास आणि महिन्याभरात घर सोडलंस.

तोमोए, तो घाव डावीकडे झुकलेला आहे. आपल्या दोघांत डावखुरा मी. खाली उतरण्याआधीच मला ते कळलं होतं, आणि तुझ्या नजरेतूनही सुटलं नसणार. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. दहा वर्षं मला त्याची लाज वाटते आहे.

काल पुजारीबुवांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? पोरीला सांगा." म्हणून हे पत्र. त्या झाडाची दुसरी सोलणी मी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे, साल सोलायची तुझी लाकडी पट्टीही घासून ठेवलीय. नाही आलीस तरी दुसऱ्या कुणाला तिथे चढू देणार नाही. आलीस तर वर तू चढ. मी खाली शिकाऊसारखा साली गोळा करीन, आणि कुणी त्या घावाबद्दल विचारलं तर सांगेन, तो माझा आहे.

तुझाच,
बाबा