पांढऱ्या तोंडाची वासरं

३ ऑगस्ट, रवि.
शेजारच्या फार्मवरून तेरा वासरं आणली. चार-पाच दिवसांची. बारा पांढऱ्या तोंडाची. तोंड पांढरं म्हणजे बाप हेरेफर्ड, म्हणजे अंगावर मांस भरणार, म्हणजे ऑक्टोबरात बाजारात बोलीला हात वर होणार. तेरावा फुकटचा. जर्सी गोऱ्हा, तांबूस, काटकुळा. शेतकरी म्हणाला, नेताय का, नाहीतर मंगळवारी कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये जाईल. मी नको म्हणणार, तेवढ्यात सासूबाई ट्रेलरमध्ये चढून त्याला मांडीवर घेऊन बसल्या. नाव पण ठेवून मोकळ्या, तांब्या. मिरजेहून सहा महिन्यांसाठी इथे आल्यात, हा तिसरा महिना. आता या तांब्याला दूध बाकीच्यांइतकंच लागणार आणि विचारणार कोणी नाही. हाडं बारीक, चरबी पिवळी. गिऱ्हाईक लांबूनच ओळखतं.

२४ ऑगस्ट
हगवण लागली. पांढऱ्या तोंडाचे दोन गेले, एक सकाळी, एक मी फार्मसीतून येईपर्यंत. तांब्या ठणठणीत. इतरांना ढुशा देऊन त्यांचंही पितो. म्हटलं, मरायचं तर हा मरायला हवा होता. आईंसमोर म्हटलं. त्यांनी दुधाची बाटली खाली ठेवली आणि घरात निघून गेल्या.
नितीन म्हणे, तोंड आवर जरा. नवरोबा स्वतः हॉस्पि.मधून येणार, जेवणार, झोपणार. वर आईला सांगून ठेवलंय की वासरं मोठी झाली की लांब रानात चरायला जातात. मी पावसात बादल्या घासते. ते रान मलाही दाखव म्हणावं एकदा.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
आज बाजार. आणि आजच वसुबारस. मी ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात आईंनी अकराही वासरांना ओवाळून हळदीकुंकू लावलं. बोटभर नाही, चांगलं मूठभर. वर पाणी शिंपडलं. पांढऱ्या कपाळांवर लालभडक ओघळ.
इथे जनावरावर लाल रंग म्हणजे औषध चालू आहे, हात लावू नका. बाजारात पाइपाने धुतलं तर गुलाबी झालं, आणखी पसरलं. आमचा एजंट ग्रँट सगळ्यांना समजावत फिरत होता, हे पूजेचं आहे, आजार नाही. कोण ऐकतंय. घेणारे एक पाऊल मागेच. दहा विकले गेले, पण दुधाच्या जातीच्या काळ्याबांड्या फ्रिजियन वासरांपेक्षाही स्वस्त.
तांब्याच्या कपाळावर कुंकू दिसतही नव्हतं. सगळ्यांत स्वच्छ तोच. तरी एक बोली नाही. एकजण त्याच्या पाठीवर थाप मारून "छान लॅब्रेडॉर आहे" म्हणाला, सगळे हसले. ग्रँट म्हणाला, घरी न्या, फ्रीझर भरा.
परत येताना गाडीत आई म्हणाल्या, "एवढं धट्टंकट्टं जनावर. कोणी विचारलंसुद्धा नाही."
मला राहवेना. "रंगावर गेले, आई. मलाही दोन स्थळांनी नाकारलं होतं. तुम्ही घेतलंत, पण वर पाच तोळे मागून."
खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मीसुद्धा नाहीच म्हटलं होतं. नितीन अडून बसला."
पुकेकोहे गावाचं वळण माझ्याकडून चुकलं. अठरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

३१ ऑक्टो.
आईंनी तिकीट अलीकडे करून घेतलं. का, ते कोणी विचारलं नाही. नितीन गाडी लावायला गेला तेव्हा विमानतळाच्या दारात म्हणाल्या, "ते रानबिन मला सांगू नका. तीस वर्षं मिरजेचा गुरांचा बाजार बघितलाय मी. गेले ते गेले. तांब्याला ठेव."
"का ठेवू?"
"मी सांगते म्हणून."
मी म्हटलं, "माझ्या लग्नाच्या वेळी तुमचं कोणी ऐकलं नाही. आता मी का ऐकू?"
त्यांनी ट्रॉली वळवली आणि आत गेल्या. पाया पडायचं राहिलं. पडले असते का, माहीत नाही.

२ नोव्हें., रवि.
नितीनला विचारलं, तेव्हा माझ्यासाठी का अडून बसला होतास? क्रिकेट बघत होता. म्हणाला, "अगं, आता कुठे आठवतंय." खरंच आठवत नसेल. खोटं बोलला असता तरी चाललं असतं.
इथे घरी येऊन जनावर कापून देणारा माणूस असतो, त्याला फोन केला. मंगळवारी सकाळी आठला येतो म्हणाला. एवढ्या लहान जर्सीत मांस फारसं निघत नाही, हेही त्याने सांगून टाकलं. बेत बदलला तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नंतर नको.
दुपारी पाणी भरायला गेले तर तांब्या कुंपणापर्यंत मागे मागे आला आणि माझी बाही चघळत उभा राहिला. हाकलला नाही. कळवायला अजून एक दिवस आहे.