कुंकवानं अडकलेली डिकी

पप्पा, तुमच्या गाडीची डिकी अडकली होती. उद्या समोरच्या काकांच्या मुलीचं लग्न आहे आणि तिची पाठवणी आपल्या अँबॅसेडरमधून व्हायची आहे, कारण ती फ्रॉक घालून गल्लीत फिरायची तेव्हाच तुम्ही काकांना तसा शब्द देऊन ठेवला होता. गल्लीतल्या कितीतरी मुली ह्या गाडीतून सासरी गेल्या. तुम्ही झेंडूच्या माळा लावायचात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचात आणि त्यांना थेट दारात सोडून यायचात. आता तुम्ही नाही, म्हणजे चालवणार मी. स्टिअरिंगला गिअर असलेली गाडी पंचवटीच्या ह्या टोकाला दुसऱ्या कुणाला येतच नाही. आणि समोरच्या काकांची मुलगी माझ्यासाठी म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. आईला माहीत आहे, गल्लीला माहीत आहे. काकांनाही असावं, पण ते तसं दाखवत नाहीत.

काका गाडी मागायला आले तेव्हा मी म्हणणार होतो की इंजिनचं काम निघालंय. पण आईनं आधीच चहा टाकला होता आणि म्हणाली, "गाडी आपलीच आहे, विचारताय काय." काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात फिरवला आणि डिकीची मूठ ओढून पाहिली. ढिम्म हलली नाही. "हिला उघडता येईल ना रे? इगतपुरीला जायचंय, दोन बॅगा आहेत, तिचं शिलाई मशीन आहे. नसेल जमत तर राहू दे, मी दुसरी गाडी सांगतो. तुझ्यावर जबरदस्ती नाही." किती सरळ माणूस आहे बघा. मला सुटायचा रस्ता त्यांनीच दाखवला. डिकी अडकलेलीच ठेवायची, बस. तरी त्याच दुपारी मी चावी घेऊन गाडीच्या मागे बसलो, आणि आज लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत बसलोच होतो.

चावी अर्धीच आत जायची. द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "ड्रिल मारावं लागेल भाऊ, लॉक जाईल, पत्र्यालाही थोडं लागेल." मी त्याला म्हटलं, पत्र्याला लागलं तर तुलाही लागेल. तो हसला आणि निघून गेला. माझं असंच होतं पप्पा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वर्गात एक जण तिच्याबद्दल काहीतरी बोलला, मी त्याला बेंचवरून खाली खेचला. कॉलेजनं मला महिनाभर घरी बसवलं आणि महिना संपल्यावर मी गेलोच नाही. आता पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला गाड्या भरून घेतो. तिला विचारलं होतं मी, एकदा, सीबीएसच्या स्टॉपवर. ती म्हणाली, "आधी तू चिडायचं थांब, मग बोलू." त्याच्यावरसुद्धा मी चिडलो.

आज सकाळी आई बाहेर आली. मला वणीचा रस्ता आठवत होता आणि तिलाही तोच आठवत असणार. मी लहान होतो, ऊन तापलेलं, पोळ्या-भाजीचा डबा डिकीत आणि डिकी उघडेना. तुम्ही आईला म्हणालात, "वर बस." ती म्हणते, "लाज नाही वाटत?" रस्त्यानं ट्रक चाललेत, एक ड्रायव्हर हॉर्न वाजवून जातो, आणि आई पदर दाताशी धरून डिकीवर बसलेली आहे. तुम्ही म्हणता, "झाकण आकड्यावर ताणून बसलंय, आधी त्याचा ताण काढायचा, मग चावी." एका बोटानं फिरवलीत. मी पुढे होऊन झाकण खाडकन आपटलं तेव्हा बोललात, "गाडीवर ताकद नाही दाखवायची. ती काही उलट बोलत नाही." तुम्ही मला रागावलेलं मला एवढंच नीट आठवतं.

"मी बसू का?" आई म्हणाली.

"चावीच जात नाही आत, बसून काय होणार?"

तरी ती बसली. आता तिचे गुडघे दुखतात, तिला हात धरून बसवावं लागलं. काही झालं नाही. ती उतरल्यावर मी मोबाईलचा टॉर्च चावीच्या भोकात मारला आणि आत लाल दिसलं. टाचणीनं खरवडलं तर लाल खपली निघाली, तेलात कडक झालेली, मध्ये अक्षतांचा एक तांदूळ. कुंकू, पप्पा. दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करते, बोनेटवर स्वस्तिक काढते, हार घालते, ते मी बघतो. पण मागे जाऊन ती भोकावर बोट टेकवते हे मी कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही गेल्यापासूनचे सगळे दसरे त्या कुलपात बसले होते.

मी ओरडलो. लॉकमध्ये कुंकू भरतं का कुणी, गाडीला दुसरी जागा नव्हती का. ती शांतपणे म्हणाली, "त्यांचा हात रोज तिथं लागायचा. मी दुसरीकडे कुठं लावू?" आणि आत गेली. मी घरातली पहार आणून ठेवली होती, काल रात्रीच. ती उचलून परत मोरीमागे ठेवली, कारण ती हातात धरून, न मारता नुसतं उभं राहणं जमेना.

मग मागची सीट काढली. तिच्यामागचा पुठ्ठा सोडवला आणि पोटावर सरपटत डिकीत शिरलो. आत तुमची स्टेपनी, जॅक, आणि द्राक्षांच्या पेट्यांत घालतात तो कागदाचा चुरा. बाकी काही नव्हतं. काय असणार होतं? तरी मी सगळीकडे हात फिरवून बघितलं. आतून आकडा स्क्रूड्रायव्हरनं सरकवला, एका हातानं झाकण आधी थोडं खाली ओढून, तुमच्यासारखं. टक झालं आणि ऊन आत आलं. लॉक काढून पेट्रोलमध्ये धुतलं, लाल पाणी निघत राहिलं. तेल नाही घातलं, ते धूळ धरतं, तुम्ही पेन्सिलीचं शिसं घासून घालायचात तसं घातलं. चावी फिरली. पत्र्याला ओरखडा नाही. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल, आणि ते कशासाठी, तर तिचं सामान तिच्या सासरी पोचवण्यासाठी.

झाकण मी नुसतं टेकवून ठेवलं होतं तेवढ्यात ती आली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी, हात पुढे धरलेले.

"उघडली का रे?"

"नाही."

"बाबा दुसऱ्या गाडीला फोन लावतायत. मी म्हटलं थांबा, विचारून येते."

"मग सांग लावा म्हणून."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. "तूही मेंदी काढलीस?"

"कुंकू आहे."

ती हसली नाही. पुढे आली, कोपर झाकणाखाली घातलं आणि वर ढकललं. झाकण सहज वर गेलं. ती बराच वेळ आत बघत राहिली, जसं काही आत खरंच काही आहे. मला वाटलं आता बोलेल. काय बोलेल ते माहीत नव्हतं, पण माझा राग, माझी नोकरी, सगळं मी त्या वाक्यावरून ओवाळून टाकायला तयार होतो.

"मशीन उभंच ठेव," ती म्हणाली. "आडवं केलं की तेल सांडतं." आणि फाटकापाशी जाऊन, वळून न बघता, "सांगते मी बाबांना, नका फोन लावू म्हणून."

आता दुपार आहे. सीट परत बसवलीये आणि तिच्यावरच बसून हे लिहितोय. समोर मांडवाला झालर लावतायत. लिहून झालं की डिकीत ठेवून द्यावं असं वाटलं होतं, तुम्हाला पोचवायला दुसरी कुठली जागा मला सुचत नाही. पण उद्या तिथं तिचं सामान असेल, म्हणून खिशातच ठेवतो, घडी करून. आई गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतेय की पोरानं बापाचा शब्द राखला. तिला सांगू द्या. तुमच्या शब्दासाठी नाही उघडली मी, पप्पा. नवरा शेजारी बसलेला असला तरी घोटीपर्यंत, घोटीच्या पुढे इगतपुरीपर्यंतही, ती मला आरशात दिसणार आहे, म्हणून उघडली.