आईचा अडीच कडव्यांचा पाळणा

आई,

साष्टांग नमस्कार. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय, कारण आज माझा स्वतःचाच आवाज ऐकून मला शिसारी आली. हे आधी तुलाच सांगायला हवं.

रविवारी जुईच्या मुलीचं बारसं आहे. होय, माझी लेक आई झाली! तिने एकच मागितलं, आजीचा पाळणा. तुझ्या आजीने रचलेला, चार कडव्यांचा, ज्यात ग्वाल्हेरचा किल्लासुद्धा बाळाला जोजवतो. कुठे लिहिलेला नाही. पण मी इतकी वर्षं मान ताठ करून सांगत आलो, "माझ्याकडे व्हिडिओ टेपवर पूर्ण आहे." टेप लावून कधी पाहिली? छे! लेबल चिकटवलं, तारीख घातली, डब्यात ठेवली.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार पेठेत एकजण टेप कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणून गेलो. त्याने नमुना दाखवला, कुणाच्या तरी मुंजीचा. मंगलाष्टकांच्या जागी सिनेमाचं गाणं, चेहरे आडवे ताणलेले, भटजी भोपळ्यासारखे! म्हणाला, "अंकल, क्वालिटी कौन देखता है?" मी बघतो! टेप खिशात घालून परत आलो.

मग सगळं स्वतः केलं. जुनी वायर शोधली, तिला लागणारं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं, कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड पुसलं. कसलाही कोर्स मी कधी केला नाही, तुला ठाऊकच आहे. ही टेप घाईने उतरत नाही. तासाची टेप तासभरच चालते. जुईला शेजारी घेऊन बसलो. एक फ्रेम सुटली नाही.

आणि तू दिसलीस! कंपू मोहल्ल्यातल्या आपल्या घरी, खिडकीपाशी, जांभळ्या साडीत. दोन कडवी झाली. तिसरं अर्ध्यावर आलं आणि कॅमेऱ्यामागून एक माणूस खेकसला, "आई, थांब! बांगड्या वाजतायत."

बांगड्या मागे सारून तू पुन्हा पहिल्यापासून गायलीस. पुन्हा तिसऱ्यात, "थांब, उजेड जातोय. जरा डावीकडे सरक."

तू हसलीस. "अरे, गाऊ देतोस का माप घेतोस माझं?"

तिसऱ्या वेळी तर फक्त पदराच्या चुणीसाठी थांबवलं ग! तू पदर नीट केलास आणि म्हणालीस, "राहू दे आता. सूर गेला."

त्यानंतर चार मिनिटं मी खिडकीचा पडदा टिपलाय. फोकस उत्तम आहे. थू!

तू मला एक मुस्कटात का नाही मारलीस? मला न जुमानता पुढे का नाही गायलीस? माझ्यापुढे नेहमीच "राहू दे"! इतकं कशाला ऐकायचं पोराचं?

"बाबा, आजी गा रही है और आप चुन्नट देख रहे हो!" जुई म्हणाली. मग माझा चेहरा पाहून नरमली. "तुमचा आवाज काटून टाकते. बाकीचं कंप्यूटर बनवून देईल, आजीच्याच आवाजात."

तुझ्या तोंडी उसने शब्द कोंबायचे? शी! मी शांतपणे नाही म्हटलं. खोटं कशाला सांगू, ओरडलोच.

तर ऐक. रविवारी पाळण्याची दोरी धरून आम्ही अडीच कडवी म्हणू आणि जिथे मी तुला थांबवलं तिथेच थांबू. "पुढे काय?" असं कुणीतरी विचारेलच. शब्द देतो आई, टेप खराब झाली असं मी म्हणणार नाही.

तुझाच,
वसंत