अण्णांच्या गाडीतला फॉल्ट

१ मे १९७१, शनिवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच: अण्णांची गाडी. भावना लिहायच्या नाहीत, फक्त निरीक्षणं.

अण्णा, माझे वडील, दिवाळीत वारले. पुणतांब्याच्या डॉक्टरांकडे त्यांनी आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले तेव्हा ही छोटी जुनी विलायती गाडी अण्णांनाच देऊन गेले. आता ती दारात कडुलिंबाखाली उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून गहिनीमामा दर शनिवारी तिला फेरी मारून आणतात.

फॉल्ट असा: दिवेलागणीला, चावी काढलेली, आत कोणी नाही, आणि हॉर्न वाजतो. एक लांब, एक आखूड. गल्लीच्या वळणावर अण्णा असाच वाजवायचे. आई हातातलं टाकून उठते आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवते. शेजारच्या राहीबाई भिंतीवरून अण्णांचं नाव घेऊन आईला ओरडून सांगतात, "छबू, आला गं सहादेव!" जसं काही एस.टी.नं आले.

मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. मेलेल्या माणसाला सर्किट पूर्ण करता येत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

संकल्प: आठवड्यात फॉल्ट काढायचा. मग गाडी विकायची आणि त्या पैशांवर मी जूनमध्ये नगरला बी.एड.ला जायचं. मामांनी हे ठरवलंय, मलाही मान्य आहे. आई मात्र अडून बसली आहे. म्हणते, "मानूस आत बसल्यालं हाय आन् तुमी गाडी इकताय व्हय?"

२ मे, रविवार
आईनं काल गाडीच्या पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. दर शनिवारी बांधते. विचारलं, भूत जर आपलंच आहे तर हे कोणासाठी? म्हणाली, "त्यालाच कुनाची दिष्ट लागू ने म्हून."

माझं तत्त्व: अंधश्रद्धा आणि तपासणी एका वेळी चालणार नाहीत. म्हणून बॉनेट उघडण्याआधी लिंबू-मिरची काढून टाकली. लिंबाचं सरबत करून प्यायले. भर उन्हाळ्यात आल्या-गेल्याला सरबत नाही आणि गाडीला अख्खं लिंबू!

फ्यूज काढला, पॉलिश पेपरनं घासला, परत बसवला. संध्याकाळी हॉर्न गप्प. फॉल्ट गेला. एका दिवसात. आईला विज्ञान समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

५ मे, बुधवार
हॉर्न अजून गप्प. घर फार शांत वाटतं, ते उन्हामुळे.

८ मे, शनिवार
वाजला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे घेऊनच बाहेर ओट्यावर आले. निरीक्षणासाठी. आईनं तांब्या ठेवला.

९ मे, रविवार
तांब्यातलं पाणी सकाळी दोन बोटं कमी. बाष्पीभवन. राहीबाईंचं मत वेगळं आहे.

नवं लिंबू काढलं (सरबत), मग हॉर्नच्या बटणापासूनची सगळी वायर बोटांनी चाचपली. एके ठिकाणी रबर फाटलं होतं, तिथे टेप गुंडाळली. संध्याकाळी गप्प. मी हात लावला की फॉल्ट जातो, हे आता दोनदा सिद्ध झालं. माझ्या हाताला गुण असावा. गुण म्हणजे पद्धत.

१२ मे, बुधवार
हॉर्न आटोक्यात आल्यानं हेडलाइटकडे वळले. डावा मिणमिणतो. कारण उघड आहे: अर्थिंग नीट मिळत नाही, बॉडीला गंज. गंज खरवडला, स्क्रू आवळला. डावा लख्ख लागला. उजवा गेला. एकूण प्रगती शून्य, पण दिशा बरोबर.

१३ मे, गुरुवार
सगळ्या वायरी काढून नव्यानं जोडल्या. आता दिव्याचं बटण ओढलं की दिवे लागत नाहीत, पण दाराजवळच्या खांबातून वळण दाखवायचा पिवळा दांडा बाहेर येतो आणि अर्ध्यावर थरथरत राहतो. अण्णा डॉक्टरांना सलाम करायचे, कोपरात जरा वाकवून, तसा.

आईनं पदर डोळ्यांना लावला. मी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बॅटरीच्या ॲसिडच्या वाफेनं.

१५ मे, शनिवार
वाजला. उद्या मामा गिऱ्हाईक आणतायत.

१६ मे, रविवार
बेलापूरचे अजीजभाई आले. त्यांना स्टेशनवरून शिर्डीचे यात्रेकरू न्यायला गाडी हवी आहे. गृहस्थ सभ्य. टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, खूश झाले. मी आधीच लिंबू काढणार होते, पण आई जाळीसमोर पाट टाकून बसली होती.

"दिवे लावून दाखव, बेटा," अजीजभाई म्हणाले. मी बटण ओढलं. दांड्यानं सलाम केला. त्यांनीही गडबडून सलाम केला. तेवढ्यात नदीकडचा वारा सुटला आणि हॉर्न वाजला. एक लांब, एक आखूड. आई तांब्या घेऊन त्यांच्या अंगावरूनच गेली.

अजीजभाई बाजूला सरकून म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पन तिचं मन न्हाई." महिनाअखेरीला परत येतो म्हणाले, तोवर दिवे आणि हॉर्न नीट करून ठेवा. मामा मला म्हणाले, "पंधरा वर्सं शिकलीस. त्यात बटनं नव्हती का?"

१८ मे, मंगळवार
मामांनी सुचवलं: बॅटरीची वायर काढून ठेव, मग बघू कोण वाजवतो ते. मी नकार दिला. फॉल्ट शोधायचा असतो, त्याचं तोंड दाबायचं नसतं. शिवाय वायर काढली आणि तरीही वाजला तर? हा प्रश्न अर्थातच तात्त्विक आहे. आणि वायर काढल्यावर वाजलाच नाही तर? हा प्रश्न का लिहिला माहीत नाही. खोडायचा.

पुढच्या आठवड्यात काढीन.

२१ मे, शुक्रवार
हेडलाइट दोन्ही लागले! दोन वायरींची अदलाबदल झाली होती. कोणी केली ते महत्त्वाचं नाही. दांडाही जागेवर बसला. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आता सलाम न्हाई करत?" आणि आत गेली.

२३ मे, रविवार
काल वाजला. आज तपासणी. घसा बसलाय, लिंबाची सरबतं बाधली असावीत, म्हणून आज लिंबू काढलं नाही.

दुपारी बॉनेट उघडून हॉर्नवर वाकले होते. वारा आला. हॉर्न कानाशी कडाडला. मी घाबरले नाही, खाली बसले.

मग पाहिलं. आई लिंबू-मिरची दोऱ्यात ओवत नाही. दोरा तुटतो म्हणून बांधकामावरची लोखंडी तार वापरते. तारेचं मागचं टोक जाळीतून आत जातं. नदीकडचा वारा बहुधा दिवेलागणीला सुटतो; लिंबू हललं की ते टोक हॉर्नच्या स्क्रूला टेकतं, आधी घट्ट, मग निसटतं, तार जाळीला लागलेलीच असते, झालं सर्किट पूर्ण. बोटानं टेकवून पाहिलं. वाजला. बोट काढलं. गप्प. लिंबू ताजं आणि जड असतं तोवर झोका घेतं, वाळलं की नाही. आणि मी दर वेळी तपासायच्या आधी तेच काढून पीत होते.

म्हणजे अण्णा म्हणजे वीतभर तार.

निष्कर्ष उत्तम. आनंद झाला. जेवण गेलं नाही, पण ते घशामुळे.

२४ मे, सोमवार
आईला सांगायचं होतं. आज अमावास्या. माझा विश्वास नाही, पण तिचा आहे. उद्या सांगेन.

२६ मे, बुधवार
तिचा उपास होता. उपाशी माणसाला सांगू नये.

२९ मे, शनिवार
आज सांगितलं, कारण ती नवं लिंबू घेऊन निघालीच होती. तार दाखवली, स्क्रू दाखवला, हॉर्न वाजवून दाखवला. आई शांतपणे ऐकत होती. वर्गात अशी विद्यार्थिनी मिळाली तर बरं. मग म्हणाली, "बरं. मंग मी रोज सांजचं पानी कुनासाठी ठिवू?"

या प्रश्नाचं उत्तर सिलॅबसमध्ये नाही.

लिंबू तिनं लोणच्यात चिरून टाकलं. म्हणाली, "इका गाडी. शिक जा तू." दिवेलागणीला आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. काहीच वाजलं नाही. राहीबाईंनी भिंतीवरून विचारलं, "आज न्हाई का आला?" आईनं तांब्या मांडणीवर पालथा घातला.

३० मे, रविवार
अजीजभाई संध्याकाळी आले, जोडीला ड्रायव्हर. दिवे लावले: दोन्ही लख्ख. दांडा: डावा, उजवा, दोन्ही आज्ञाधारक. मामांनी गिऱ्हाइकासमोर माझं कौतुक केलं, "आमची पोरगी सायन्सवाली हाय." आईनं चहा आणला. अजीजभाईंनी चावीला हात घातला. नदीकडून वारा आला.

हॉर्न वाजला. एक लांब, एक आखूड.

अजीजभाईंनी चहा पूर्ण घेतला, कप खाली ठेवला आणि आईला म्हणाले, "आपा, ज्या गाडीचा मालक रोज घरी येतो, ती आमी कशी न्यावी?" सलाम करून गेले.

मामा आईवर उखडले, "ताई, पुन्हा बांधलंस?" आई म्हणाली, "म्या न्हाई. माझं लोनच्यात हाय." मामा वाकले. जाळीला लिंबू, मिरच्या, आणि तांब्याची तार. तांब्याची तार या घरात फक्त माझ्या प्रॅक्टिकलच्या डब्यात असते.

नोंद: एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, प्रयोग पुन्हा करून पाहावा. तांबं लोखंडापेक्षा चांगला वाहक आहे. यात भावनेचा संबंध नाही. बी.एड.चे फॉर्म पुढच्या वर्षीही निघतात.

मामा चपला घालून निघाले. आईनं मांडणीवरचा तांब्या विसळून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भर."

भरला. उंबऱ्याशी ठेवला. जरा डावीकडे, अण्णा डावा पाय आधी धुवायचे.