तीन पोती बियाणं

मु. केनवड, ता. रिसोड
२९ मे २०२४

ती. आईंना सून पौर्णिमाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की आपल्या घरातलं सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून पत्रच बरं. गुडघ्याचा शेक रोज घेता ना? उत्कर्षभाऊजींकडे कारंज्याला तुम्हाला आयतं ताट मिळतं, तर आता अंगही धरा. इथून जाताना अगदी काडी झाल्या होत्या.

इकडचं काय सांगू? तुम्ही गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत मी पार थकून गेले आहे. तुरीच्या डाळीत पोरकिडे झाले, ती उन्हात घालून पुन्हा पाखडली. म्हैस पान्हा चोरते. तिच्याशी गोड बोलायलाही आता अंगात त्राण नाही. शेणखत अजून अर्धंच पसरलं आहे. घरी आलं की चूल वाट पाहत असते, आणि चुलीपाशी बसलं की तिथंच आडवं व्हावंसं वाटतं.

तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. कंपनीतून रजा घेऊन ते रविवारी, १६ जूनला येणार आहेत. घरचं सोयाबीन पेरण्यासारखं असेल तर या साली शेत तू कर, नाही तर चारही एकर बांधाशेजारच्या नानाजीला ठोक्यानं, वर्षाच्या ठरल्या पैशावर, देऊन टाकू आणि तू माझ्याकडे संभाजीनगरला चल, असं म्हणाले. दोन वर्षांपूर्वी दुकानच्या बियाण्यानं दगा दिला, तेव्हापासून ते विकतच्या बियाण्याचं नाव काढू देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नानाजी रोज बांधावर उभा राहून आपलं शेत डोळ्यांनी मोजतो. काल मला विचारत होता की वहिनी, कायले एवढा जीव काढून राह्यल्या?

तर आई, तुम्ही करता तशी उगवण तपासली. तुम्ही मला कधी हात लावू दिला नाही, दुरून पाहिलं तेवढंच माहीत. तिन्ही पोत्यांतून मूठमूठ काढली, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळून सावलीत ठेवले, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उलगडलं. सत्तर तरी हवेत असं तुम्ही म्हणायच्या. उगवले एकोणचाळीस.

तुमच्यापासून काय लपवायचं? एकोणचाळीस मोजून झाले तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. याचा राग येईल तर येऊ द्या, पण माया कमी करू नका.

तुमची,
पौर्णिमा

कारंजा लाड
३ जून २०२४

चि. पौर्णिमास अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र मिळालं. एकोणचाळीस वाचून माझा घास अडकला, असं लिहिणार होते. पण वैभवीनं भाकर फार चांगली केली होती, दोन खाल्ल्या. नात आजीपेक्षा सुगरण निघाली. शेक घेते. उत्कर्षची बायको पाय चेपून देते आणि मला संकोच होतो. सवय नाही.

आता सांग, वैशाखी पौर्णिमेच्या आधी घराला चुना मारलास तेव्हा पोती कुणी हलवली? खोटं सांगू नकोस. बुद्धवंदनेला बाया येतील, भिंत पांढरीफट दिसली पाहिजे, म्हणून तू चमच्यापासून कोठीपर्यंत सगळं घर अंगणात काढलं असशील. मी ओळखते तुला. पोती कुणीतरी खांद्यावरून धाडकन टाकली असतील आणि चुना वाळेपर्यंत ती उन्हात पडली असतील. अगं, ते गहू-ज्वारीचं पोतं नव्हे. सोयाबीनचं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं आणि कोंब सालाला लागूनच असतो. एकदा आपटलं की आतून मोडतो, वरून दाणा टपोरा दिसतो. मी दर साली चुन्याच्या वेळी टोपल्या-टोपल्यानं हलवत होते आणि तुम्ही सगळे माझ्या कूर्मगतीला हसत होतात.

दुसरी चूक म्हणजे तू मुठी एकत्र केल्यास. चांगलं-वाईट एकत्र केलं की शंभर दाणे काहीच खरं सांगत नाहीत. प्रत्येक पोत्याचे शंभर वेगळे घे. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घे. टपोरे निवडून घेऊ नकोस, हाताला येतील ते घे.

हे सगळं मी तुला वीस वर्षांत का सांगितलं नाही, हे तू विचारलं नाहीस, पण मीच सांगते. इंद्रभान-उत्कर्षचे बाबा गेले तेव्हा माझ्या हाती एवढंच आलं होतं. बी कसं राखायचं, ओल किती झाली की तिफण जुंपायची, हे मला येत होतं म्हणून दीर-भासरे मला विचारून पेरत. तू शिकलीस तर मला कोण विचारणार, असं वाटायचं. म्हातारपणी अशा गोष्टींची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

सुटल्यासारखं वाटलं त्याचा मला राग नाही. मलाही कित्येकदा वाटलं होतं, पण मला सोडवायला कुणी आलं नाही. तुला वाट आहे. शेत ठोक्यानं दिलं तरी मी तोंड वाकडं करणार नाही. फक्त नीट मोज आणि मग ठरव.

तुझं भलं चिंतणारी,
भागिरथा

मु. केनवड
१४ जून २०२४

ती. आईंना पौर्णिमाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुम्ही कारंज्याला बसून कसं पाहिलंत कोण जाणे! शेजारची गंगू आणि तिचा नवरा मदतीला आले होते. त्यानं दोन पोती खांद्यावरून स्लॅबवर आपटली आणि ती दोन दिवस तिथंच तापली. तिसरं कोठीमागं अडकलं होतं. कोठी ओढायचा कंटाळा आला, म्हणून तेवढी भिंत तशीच ठेवून वर चादर टांगली. बायांना दिसलं नाही. आता तुम्हीही कुणाला सांगू नका.

वेगवेगळे शंभर घेतले. आपटलेल्या दोन पोत्यांचे एकवीस आणि चोवीस. ती आता घाण्यालाच जातील. काल तिसऱ्याचं गोणपाट उलगडलं. मोजले, एकाहत्तर भरले. आनंदानं गंगूला हाक मारणार होते, तेवढ्यात माझ्याच बोटांकडे लक्ष गेलं. तीन दाण्यांची नुसती साल फाटली होती, मूळ फुटलंच नव्हतं. ते मी उगवलेल्यांच्या बाजूला सरकवले होते. कुणी पाहत नसताना, माझी मीच स्वतःला फसवत होते. पंधरा दिवसांपूर्वी दाणे न उगवल्यानं सुटका वाटलेली बाई मेलेले दाणे जिवंत म्हणून मोजत होती. आई, मला शेत सोडायचं नाही. मलाच ठाऊक नव्हतं.

ते तीन दाणे काढून टाकले. अडुसष्ट राहिले. यांना फोन करून अडुसष्टच सांगितले. ते म्हणाले, सत्तर नाहीत. मी म्हटलं, नाहीत. एकरी दोन किलो जास्त टाकीन, त्या एका पोत्यात पावणेदोन एकर निघेल, बाकीच्या शेतात तूर आणि ज्वारी घेईन, असं एका दमात सांगून टाकलं. ते म्हणाले की तू फार थकली आहेस. मी म्हटलं, हो, फार थकले आहे. तुम्ही रविवारी या, पण नानाजीला बोलावू नका, नुसते जेवायला या.

काल पाऊस बरा झाला. ओल अजून चार बोटंच आहे. किती झाली की तिफण जुंपू, ते उलटटपाली लिहा. पाय जपा, आणि मला असंच रागवत राहा.

तुमची,
पौर्णिमा